दाराच्या उजव्या हाताला

पोनिरान सतरा वर्षं माझ्याकडे चहा पितोय, पण आत येऊन बाकावर एकदाही बसलेला नाही. सकाळी सातला येतो, दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहतो, गोड कडक चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरतो आणि रस्त्याकडे बघत संपवतो. मग ग्लास उंबऱ्यावर ठेवून चालू लागतो. निघताना 'येतो' म्हणायची सुद्धा पद्धत नव्हती. आधी मला याचा फार राग यायचा. माझी खानावळ म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. दोन बाकं, एक लांब टेबल, सगळं धुतलेलं-पुसलेलं. आमच्याकडे मानाने पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू. एकदा मी बोललेच, "पाक, माझ्या बाकाला काटे आहेत का हो?"

"कपडे चुन्याने भरलेत, बू वार्नी. बाक खराब होईल."

"सकाळी सातला? कामावर जायच्या आधीच चुना लागला?"

त्यावर तो नुसता हसला. त्याचं हसणं म्हणजे ओठाचा एक कोपरा जरा वर जातो आणि खाली येतो. बाकावरचा सायकलरिक्षावाला मारिदी मात्र खदाखदा हसला. त्याला हसायला कारण लागत नाही.

पोनिरानचा धंदा जुन्या घरांच्या फरश्या काढण्याचा. आमच्या सोलो शहरात, आणि त्यातही आमच्या लावेयान पेठेत, या धंद्याला मरण नाही. उंच भिंतींआड बातिकच्या व्यापाऱ्यांची मोठमोठी घरं आहेत. व्यापार बुडाला, मुलं पांगली, घरं विकली गेली. घेणारे त्यात लॉज काढतात, कॉफीची दुकानं काढतात. आणि नवं काही करायच्या आधी प्रत्येकाला खालची फरशी काढायची असते, तेव्हा पोनिरानला निरोप जातो.

"उखडतोस म्हण की," मारिदी त्याला चिडवायचा. "दात उखडतात तसं."

"उखडत नाही. उचलतो," पोनिरान म्हणायचा. एवढ्या एका शब्दावर मात्र तो कधी माघार घेत नसे.

आणि ते खरंही होतं. मी त्याचं काम बघितलंय. त्याच्या हातात यंत्र नसतं. रुंद पात्याची छिन्नी, लाकडी हातोडा आणि पातळ पहार, एवढंच सामान. आधी तो अनवाणी सगळ्या खोलीभर फिरतो आणि हातोड्याच्या दांड्याने प्रत्येक फरशीवर टकटक करतो. कुठे बद्द वाजतं, कुठे पोकळ वाजतं, ते मनात ठेवतो. सुरुवात नेहमी दारापासून. फरशी घालणारा आतल्या भिंतीपासून सुरू करून मागे सरकत दाराशी येतो, म्हणून शेवटची फरशी दारात बसते. काढताना तीच पहिली निघायला हवी. मधूनच घाई केली तर शेजारच्या चारांचे कोपरे उडतात. निघालेली प्रत्येक फरशी तो पाठीवरचा चुना खरवडून, मागे खडूने आकडा घालून, भाताच्या काडात उभी करून ठेवतो. नक्षीची फूल-पानं ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने. बघणाऱ्याला वाटावं, हा फरशी काढत नसून कुणाचं तरी आवरून देतोय.

एकटा माणूस होता. बायको लग्नानंतर चार वर्षांनी मलेशियात घरकामाला गेली. पहिलं वर्ष पत्रं आली, मग पत्रं थांबली. ती मेली नाही हे त्याला ठाऊक होतं, कारण तिच्या गावची एक बाई तिला तिकडे बाजारात बघून आली होती. त्याने कुणाला दोष दिला नाही आणि दुसरं लग्नही केलं नाही. कालव्यापलीकडे भाड्याची एक खोली, एक रेडिओ, एक ताटली, एक ग्लास. एक ग्लास घरात असलेला माणूस माझ्याकडे चहाला का येतो, ते मला फार उशिरा कळलं. त्याला चहा नको असायचा, चार आवाज कानावर पडायला हवे असायचे.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे मूल झालं की मागून पडलेली वार टाकून देत नाहीत. ती बाळाचं धाकटं भावंड. तिला धुऊन, मातीच्या गाडग्यात घालून, घराच्या दाराशी पुरतात. मुलाची उजवीकडे, मुलीची डावीकडे. उजवीकडे म्हणजे घरातून बाहेर पडताना जी उजवी बाजू येते ती. गाडग्यात मीठ घालतात, फुलं घालतात, आणि मूल शिकावं म्हणून कागद-पेन्सिल घालतात. पुरायचं काम बापाचं. धुतलेले कपडे घालून, गाडगं झोळीत कुशीशी धरून, दुसऱ्या हातात छत्री उघडून त्याने चालायचं, आणि इकडेतिकडे बघायचं नाही. बापाने मान वळवली की मूल तिरळं होतं. मग वर टोपली पालथी घालून पस्तीस दिवस दिवा. बाळ झोपेत हसलं की आमच्या बायका म्हणतात, भावंडाशी खेळतंय. माणूस कितीही म्हातारा झाला तरी ते भावंड त्याच्या पाठीशी असतं.

घरं वाढतात, दारापुढची माती फरशीखाली जाते. त्यामुळे पोनिरानच्या छिन्नीखाली ही गाडगी नेहमी यायची. त्याचा नियम ठरलेला. काम थांबवायचं, गाडगं पांढऱ्या कापडात बांधायचं, घरच्या माणसाला शोधून त्याच्या हातात द्यायचं. उघडायचं कधीही नाही. एकदा एका ठेकेदाराने आत सोनं असेल म्हणून झाकण काढायला सांगितलं, तर पोनिरान हत्यारं उचलून कामावरून निघून आला होता.

गेल्या वर्षी हार्जोसुवितोंचं घर विकलं गेलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे ते. सेमारांगच्या अनिंद्यो नावाच्या तरुणाने घेतलं. तिथे त्याला कॉफीचं दुकान काढायचं होतं. एका सकाळी पोनिरान चहाला आला आणि ग्लास हातात तसाच धरून राहिला. चहा गार झाला.

"काय झालं, पाक?"

"हार्जोसुवितोंची ओसरी उचलायला सांगितलीय," तो म्हणाला. "बुधवारपासून. सोमवारी सिमेंट ओतणार."

"मग? काम मिळालं, बरं झालं की."

"माझा भाऊ तिथे आहे."

त्या दिवशी तो जेवढं बोलला तेवढं सतरा वर्षांत बोलला नव्हता. त्याची आई सादियेम त्या घरात बातिकच्या कामाला होती. अंगणात बसून दिवसभर कापडावर मेण ओढायचं. तिथेच मागच्या खोलीत तो जन्मला. बाप कोण ते आई कधी बोलली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. मालकीणबाई म्हणाल्या, माळ्याला सांगते, तो वार पुरेल. आई म्हणाली, नको, माझ्या मुलाचं मी करीन. अंगात रक्त नव्हतं तरी उठली. नवं गाडगं कुठलं आणणार, आपलं भाताचं मडकंच घेतलं. लिहिता येत नव्हतं, घरात पेन्सिल नव्हती. म्हणून तिने आपली चांतिंग आत घातली, म्हणजे मेण ओढायची तांब्याच्या चोचीची लेखणी. मालकीणबाई भल्या होत्या. मोठ्या दाराशी माती पुष्कळ आहे, तिथेच पुर म्हणाल्या. तेव्हा ओसरीवर फरशी नव्हती.

तो पाच वर्षांचा असताना बाजारात छापील कापड आलं, मालकांचं काम बंद पडलं, बायकांना घरी पाठवलं. मायलेक शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. ती लोकांचे कपडे धुवायची. मुलगा एकटा म्हणून रडला की सांगायची, "एकटा कसा रे? मोठ्या दारात, उजव्या हाताला तुझा भाऊ आहे." तो चौदा वर्षांचा असताना ती गेली.

"एवढी वर्षं गल्लीत येता," मी म्हटलं, "एकदा जाऊन दार ठोठावायचं होतं."

"काय सांगून? तुमची फरशी खणू द्या म्हणून? माझं काय आहे त्या घरात?"

मी त्याच्या हातातला गार ग्लास घेतला आणि दुसरा चहा ओतून दिला.

बुधवारी आणि गुरुवारी त्याने ओसरीची फरशी उचलली. शुक्रवारी अनिंद्योची परवानगी घेऊन दाराच्या उजवीकडची माती खणायला घेतली. पोरगा चांगला होता. म्हणाला, "पाक, हवं तेवढं खणा. सोमवार सकाळपर्यंत जागा तुमची." दुपारपर्यंत तीन गाडगी निघाली. एका रांगेत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. तिन्ही नवीकोरी आणून पुरलेली, भाजक्या मातीची, पक्क्या झाकणांची. आणि हार्जोसुवितोंना मुलगे तीन.

भाताचं काळं मडकं नव्हतं.

शनिवारी थोरला मुलगा सुबाकिर गाडगी न्यायला आला. सत्तरीचा माणूस, हातात काठी. तिघा भावांचं घराच्या वाटणीवरून असं बिनसलेलं की पाच वर्षांत एकमेकांच्या दारात गेले नव्हते. मधला तर वारलासुद्धा, तेव्हाही हा गेला नाही. पांढऱ्या कापडातली ती तीन बोचकी शेजारी शेजारी बघून म्हातारा तिथेच पायरीवर बसला. "मधल्याचं कोणतं?" त्याने विचारलं. पोनिरानने मधलं उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हाताऱ्याने ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. मग तिन्ही गाडीत घालून घेऊन गेला. पोनिरानने त्याला स्वतःबद्दल काही विचारलं नाही आणि काही सांगितलंही नाही.

त्या दिवशी पोनिरान माझ्या दारात आला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

"अजून खणा की," मी म्हटलं. "जरा खाली गेलं असेल."

"कंबरेइतकं खणलं. उजवीकडची माती चाळणीने चाळली."

"मग?"

"मग काय. आईने माझी समजूत घातली असेल." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. "पोर रडतंय, काहीतरी सांगायचं. नोकराच्या पोराची वार मोठ्या दारात कोण पुरू देईल? नदीत सोडली असेल."

मारिदीला गप्प बसवत नाही. तो बाकावरून म्हणाला, "अहो पाक, उंदीर-घुशींनी नेलं असेल. साठ वर्षं झाली."

"घुशी तांबं खात नाहीत," पोनिरान म्हणाला.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. भाऊ सापडला नाही याचं नव्हे, त्याचं त्यालाही एवढं वाटलं नसेल. पण आयुष्यभर त्या माणसाकडे आईचं एकच वाक्य होतं, आणि आता तेही खोटं ठरत होतं. सोमवारी वर सिमेंट पडलं की संपलं. मग पुन्हा कधी खणून बघायची सोय नाही.

रविवारी सकाळी तो चहाला आला नाही. हत्यारं गोळा करायला तिकडेच गेलाय असं मारिदीकडून कळलं. मी नारळाच्या दुधातला भात, भोपळ्याची भाजी आणि अर्धं अंडं केळीच्या पानात बांधलं आणि निघाले. नवरा म्हणाला, "आता घरपोच द्यायला लागलीस?" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो पुन्हा पेपरात शिरला.

मोठं दार सताड उघडं होतं. पोनिरान दारापुढच्या उघड्या मातीवर, रस्त्याकडे तोंड करून, गुडघे टेकून छिन्न्या पुसत होता. मी बाहेर पायरीखाली उभी राहिले. त्या घरात आत पाय टाकायची सवय आम्हा गल्लीतल्या बायकांना नाही. माझी आईही तिथे तांदूळ निवडायला जायची, तेव्हा पायरीखालीच उभी राहून हाक मारायची.

"भात आणलाय, पाक."

"हात भरलेत, बू. ठेवा तिथे उजव्या हाताला."

मी ठेवला. त्याने छिन्न्या फडक्यात गुंडाळल्या, हात झटकले आणि आपल्या उजवीकडे वळला. तिथे काही नव्हतं. मग त्याने मान फिरवली. भाताचं पान त्याच्या डावीकडे होतं. माझ्या उजव्या हाताला.

तो पानाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी कुठे उभी आहे, माझं तोंड कुठे आहे, माझा हात कुठे आहे, ते बघितलं. मला वाटलं माझं काही चुकलं.

"सरकवू का?" मी म्हटलं.

"नको!" तो ओरडला. सतरा वर्षांत पहिल्यांदा ओरडला.

मग त्याने केळीचं पान दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं आणि तिथेच खणायला सुरुवात केली. पहार घेतली नाही, कुदळ घेतली नाही. आधी छिन्नीने, मग नुसत्या हातांनी. ती बाजू मुलींची. हार्जोसुवितोंना मुलगी झालीच नाही, म्हणून तिथली माती कुणी कधी हलवली नव्हती, आणि तोही तिकडे वळला नव्हता. जगात कुणाला उजवं-डावं चुकलं तर तो सांगायचा. त्याला कोण सांगणार? खांद्यापर्यंत हात आत गेला तेव्हा तो थांबला. गाल मातीला टेकलेला, डोळे मिटलेले. मग हळूहळू हात बाहेर आला.

भाताचं काळं मडकं होतं. एका बाजूने फुटलेलं, तोंडावर नारळाची करवंटी बसवलेली, ती कुजून भुगा झालेली. त्यामुळे उघडायचा प्रश्नच नव्हता. आत मातीच होती, आणि त्या मातीत बोटाएवढी, हिरवी पडलेली तांब्याची चोच.

"आई बाहेर उभी होती," पोनिरान म्हणाला. "या दारात ती कायम बाहेरच उभी असायची. तयार कापड घेऊन, मालकीणबाईंची वाट बघत." मग मडकं छातीशी धरून तो रडला. मी पायरीखाली उभी होते ती पहिल्यांदाच त्या घराची पायरी चढले आणि त्याच्याजवळ बसले.

अनिंद्यो आला, त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, "इथेच राहू द्या, पाक. मी गवंड्यांना सांगतो, तेवढी जागा सोडतील."

"आभार, पण नको," पोनिरान म्हणाला. "दार कुणाचं तरी हवं. इथे आता दुकान होणार."

पण न्यायचं कुठे? ज्याने शेकडो घरांच्या फरश्या उचलल्या, त्याच्या स्वतःच्या दाराशी वीतभर माती नव्हती. खोली भाड्याची, खाली घरमालकाचा कोबा. त्याने मडकं पांढऱ्या कापडात बांधून खोलीत रेडिओशेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा ग्लास देताना म्हटलं, "माझ्या दाराशी माती आहे. घर आमचं आहे, विकायचं नाहीये. विचार करा." तो ग्लास ठेवून गेला. मला वाटलं, माझी जीभ जरा जास्तच चालली.

दोन दिवसांनी, आमच्या पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातल्या पोनच्या दिवशी, त्याच्या जन्माच्या वारी, सकाळी नऊ वाजता मारिदी बाहेरून ओरडला, "बू वार्नी, बघा तर खरं! नवरदेव आला!"

मी बाहेर धावले. गल्लीच्या मधून पोनिरान येत होता. इस्त्री केलेला पांढरा सदरा, नवी लुंगी, डोक्यावर काळी टोपी. गळ्यातून झोळी बांधलेली, डाव्या हाताने ती कुशीशी धरलेली. उजव्या हातात उघडी छत्री. ऊन होतं तरी ती छत्री त्याने स्वतःवर धरली नव्हती, झोळीवर धरली होती. एकसष्ट वर्षांचा माणूस. मान ताठ, नजर समोर.

"पाक, वऱ्हाड कुठंय?" मारिदी हसत होता. "अहो पाक, इकडे तर बघा! नवरी पळाली की काय?"

पोनिरानने बघितलं नाही. तेव्हा मारिदीच्या डोक्यात काय ते शिरलं. त्यालाही तीन मुलं आहेत, त्यानेही तीनदा असं चालून घेतलंय. तो रिक्षातून खाली उतरला आणि डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. बापाने करायचं काम पोनिरानसाठी करायला बाप नव्हता, म्हणून ते तो स्वतःच करत होता. गल्लीतल्या बायका दारात आल्या. कुणीही हसलं नाही.

खड्डा माझ्या नवऱ्याने सकाळीच खणून ठेवला होता, घरातून बाहेर पडताना उजव्या हाताला. पोनिरान पायरीखाली थांबला, घराकडे तोंड करून. मग छत्री मिटून ठेवली आणि वाकून आपल्या उजव्या हाताला नवा खड्डा खणू लागला.

"अहो, ती मुलींची बाजू," नवरा पुटपुटला.

"गप्प बसा," मी म्हटलं. "त्यांची आई इथे उभी होती."

मी आतून पोराच्या दप्तरातली नवी पेन्सिल आणली होती. ती पुढे केली. त्याने मान हलवली. "आईने घातलंय तेवढं पुरे."

पस्तीस संध्याकाळी तो दिव्यात तेल घालायला आला. छत्तिसाव्या दिवशी टोपली उचलली, दिवा पुसून माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता तरी हा माणूस आत येऊन बसेल. मी बाकही पुसून ठेवला होता. "कपडे चुन्याचे आहेत, बू," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. खोलीवर जाऊन तो अजूनही एका ताटलीतच जेवतो. रेडिओ लावतो. माणूस एकटा आहे तो आहेच, त्यात मी काही बदल करू शकले नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

फक्त एकदा मारिदीने रिक्षा दाराशी आडवी लावली, तेव्हा पोनिरान म्हणाला, "जरा पुढे घे. तिथे माझा भाऊ आहे." मारिदीने उतरून रिक्षा पुढे घेतली.

आणि हल्ली चहा झाला की तो ग्लास उंबऱ्यावर ठेवतो आणि 'येतो' म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आतून "या हं" म्हटलं. मग बघितलं तर तो माझ्याशी बोलत नव्हता. खाली बघत होता.